थांब, पाह्य, लाव

माय, आज राळेगावच्या आपल्या वावरात पाण्याची मोटार आपली आपण सुरू झाली, आणि तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना. स्टार्टरशेजारी मी बनवलेला टिफिनएवढा डबा बसवलाय. विजेची लाइन आली की जो तो एकदमच मोटार लावतो, व्होल्टेज पडतं आणि मोटारी जळतात; व्होल्टेज सावरेपर्यंत हा डबा मोटार रोखून धरतो. तुझ्यामागे वावर काकाजी करतात, त्यांची मागच्या हंगामात अशीच जळली. यंदा गव्हाला ओंबी धरलीय. डबा चुकला असता तर पीक हातचं गेलं असतं, आणि मी कोणत्या तोंडाने घरी आले असते!

डब्यातल्या चिपला संगणकाची भाषा कोणती द्यायची यावर मी फार डोकं खपवलं. पायथन सोपी, पण एवढ्याशा चिपला जड. सी चपळ, पण एक आकडा बदलायला वावराच्या धुऱ्यावर लॅपटॉप उघडून सगळा प्रोग्रॅम पुन्हा चढवत बसा. मग फोर्थ नावाची जुनी भाषा सापडली आणि मी उडालेच! ती अख्खी चिपमध्येच राहते. मोबाइलला वायर जोडून शब्द लिहिला की चिप तिथल्या तिथे करून दाखवते. आणि शब्द आपले आपण बनवायचे, छोटे जोडून मोठा.

अजून डोळ्यांपुढे आहे: मी लहान, लाइन येते. मी हिरव्या बटणाकडे झेपावते, तू मनगट धरतेस. "थांब! आंधी बल्ब पाह्य, मंग लाव." व्होल्टेज कमी, स्टार्टरवरचा बल्ब मिणमिणतोय. मी पाय आपटते, तू सोडत नाहीस.

आज सकाळी लाइन आली. आजूबाजूच्या मोटारी घुरघुरल्या, आपली गप्प. काकाजी उसळले, "पोरी, सारे पाणी देऊन राह्यले, तुहा डबा काहून झोपला?"

"थांबा न काकाजी, पाहून राह्यला तो."

शेजारच्या दोन मोटारी कण्हत बंद पडल्या, व्होल्टेज चढलं, बल्ब उजळला, आणि खट्! पाणी असं उसळलं की काकाजींचं धोतर भिजलं. "हुशार हाय व तुहा डबा!" म्हणत ते तसेच हसत उभे.

डब्यातले शब्दही तुझेच आहेत, इंग्रजी अक्षरांत का होईना: थांब, पाह्य, लाव. काकाजींना सांगितलं, छोटे शब्द चिपमधली जागा कमी खातात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. जागा भरपूर होती. तुझा आवाज मला आताशा नीट आठवत नाही, माय. लाइन येईल तेव्हा तुझं बोलणं कुणीतरी म्हणत राहावं, एवढंच मला हवं होतं.