उन्हात ठेवलेले सेल

सोम., ३ नोव्हें.
दिवाळीच्या सुट्या संपल्या. कॉलेज सुरू, ऑफिसात टेबलावर ढीग. दुपारी गावच्या दोस्ताचा, विन्याचा, पुण्याहून फोन. कितीतरी महिन्यांनी.
"पम्या, आपला बँड येऊन राह्यला बे मुंबईले! जानेवारीत. शेवटचा दौरा. तुह्यं तिकीट काढलं मी."
विचारलं नाही, काढलंच. मी हाव हाव, हो हो असं काहीतरी पुटपुटलो. आपला बँड म्हणे. वरवट बकालच्या दोन पोट्ट्यांचा इंग्लंडातला बँड.

मंगळ., ४
लेकीने, रेवाने, फोनवर त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढून दिला. आपली कॅसेट ह्याच्यावरूनच भरून घेतली होती, खामगावच्या रेकॉर्डिंगवाल्याकडून. तेच फोटो, तोच क्रम. गच्चीवर जाऊन कानात घातलं.
काही नाही. म्हणजे काहीच नाही झालं. गाणारा घाईत, एस.टी. सुटत असल्यासारखा. आवाज बारीक. पूर्वी हा गडी विहिरीच्या तळातून गायचा, अंगावर काटा यायचा. हे कोण?
खाली आलो तर सौ. म्हणते, पोट दुखतं का?

गुरु., ६
परत ऐकलं, पूर्ण. परत तेच. माझं वय झालं असेल. किंवा मला हे कधी आवडलंच नसेल, विन्याला आवडायचं म्हणून मी मान हलवत असेन. हे डोक्यात आल्यापासून बेचैन आहे. मुंबईला जाऊन काय करू? परक्याच्या वरातीत उभं राहिल्यागत?
आणि नाही म्हटलं तर आमच्यात उरतं काय? फोनवर दोनच विषय, हा बँड आणि बी.पी. घरचा विषय काढला की तो फोन ठेवतो. त्याचे वडील, काका, गेले तेव्हा तेरवीच्या दिवशी वावरावरून संतोषशी भांडला, लहान्या भावाशी, आणि पाय नाही ठेवला गावात. आईशी, काकूशीही बोलत नाही. बँड पण गेला तर विन्या गेला.
रेवाला म्हटलं, हे असं नव्हतं गं. तिने स्पीड कमी करून दिला. शब्द रेंगाळले, पण आवाज तसाच बारीक.
"मग कसं होतं, बाबा?"


रवि., ९
वरवट बकालला गेलो. कॅसेट कपाटातून काढून पिशवीत टाकली. कशाला जातोय ते सौ.ला धड सांगता आलं नाही, मलाच ठाऊक नव्हतं. रस्त्यात सगळीकडे कापसाची वेचणी चाललेली.
काकू ओट्यावर. थकली आहे, जीभ मात्र शाबूत. "आला का रे पमोद. माह्या पोटचा येत नाही, तू तरी येतं."
टेपरेकॉर्डर विचारला. आहे म्हणे! संतोष फेकत होता, हिने फेकू दिला नाही. माळ्यावरून काढला, पुसला. लाइन नव्हती, वीज गेलेली. टॉर्चमधले सेल काढून घातले, बटण दाबलं. ढिम्म. मी परत कॅसेट पिशवीत टाकायला लागलो.
"थांब ना! सेल उनात कुठी ठेवले तुनं?"
तिनेच काढले सेल, ओट्याच्या कडेला उन्हात ओळीने मांडले. आणि मी बघतच राहिलो. च्यायला. आम्ही हेच करायचो. लाइन रात्री यायची, रात्री काका वाजवू द्यायचे नाहीत. म्हणून दिवसा, मेलेल्या सेलवर. उन्हात तापवले की दोन-तीन गाणी निघायची, दर ओळीला आणखी हळू, आणखी जाड. आम्हाला वाटायचं बँडच तसा आहे! माझ्याकडे कधी टेप नव्हता, मी हे दुसरीकडे कुठे ऐकलंच नाही.
चहा झाला, सेल तापले. लावलं.
आला. विहिरीतून आला. शेवटी शेवटी तर गाणं नाही, रेड्याचं हंबरणंच. मला हसू आलं आणि मग रडूच फुटलं, काकूसमोर. तिने पाहिलं नाही असं केलं.
"हे वाजे तवा मी दोघायले शिव्या देऊ," म्हणाली. "आता वाजलं तं वाटते विन्या घराच्या मंधात हाये." मग, "तुले फोन करते ना तो? बरा हाये?"
हो म्हटलं. बरा आहे.
फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. तिचा आवाजही आला आहे त्यात.

सोम., १०
पाठवू की नको. पुण्यात विन्याने केव्हाच चांगल्या सिस्टिमवर खरं गाणं ऐकलं असणार. त्याला तेच आवडत असेल तर मुंबईत आम्ही दोघं दोन वेगळे बँड ऐकायला उभे. आणि काकूचा आवाज पाठवणं म्हणजे त्याला कोंडीत पकडणं होईल का? गाण्याच्या आड हे असं करावं का? सौ. म्हणते पाठवून टाका. तिला काय.

बुध., १२
पाठवलं. दुपारच्या सुट्टीत. खाली काही लिहिलं नाही. त्याने ऐकलं, निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

गुरु., १३
उत्तर नाही. तिकीट रद्द केलं असेल. चूक झाली बहुतेक.

शुक्र., १४
फोन आला. 
"सेल कोनं ठेवले उनात?"
"काकूनं."
"हं." मग, "पुण्यात पह्यल्यांदा सीडी ऐकली ना, तवा दुकानदाराशी भांडलो होतो मी. डुप्लिकेट हाये म्हनून."
मी म्हटलं, "मग मुंबईले काऊन चाललो बे आपण?"
मी एकदम बोलून गेलो, आधी गावात ये, मग मी मुंबईला येतो. असं ठरवलं नव्हतं. अट घातल्यासारखं झालं. त्याने फोन ठेवला.

शनि., १५
दिवसभर काही नाही. कामात दोनदा चुकलो. आज बँड लावलाच नाही, लावायचा तर कोणता?
संध्याकाळी भाजी घेत होतो तेव्हा मेसेज: "नांदुऱ्याले आता कोनती गाडी थांबते बे?"
नांदुरा म्हणजे आमच्या गावाजवळचं स्टेशन. बाजारातच उभा राहिलो. कोणती थांबते मलाही नक्की माहीत नाही. हा येतो आहे की नुसतं विचारतो आहे, तेही नाही. पिशवीत मेथी होती, ती तशीच घेऊन स्टेशनवर चौकशीला गेलो.