न पेटणारा मांडव

नागपूर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. इंद्रभानकाकांस,
पवनचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्हाला नेमका आवाज येत नाही, म्हणून पत्र. अनसिंगला जगदेवरावांच्या शीलाच्या लग्नात तुमचा भाड्याचा मांडव पाहिला आणि डोकं फिरलं. दिवाळीत मी त्याच सुती कनाती हिरड्याच्या पाण्यात, तुरटीत आणि मग केळीच्या चिकात भिजवल्या होत्या. तुम्हीच काडी लावून पाहिलीत. कापड काळं पडलं, पण जाळ धरला नाही. आता त्या पांढऱ्याशुभ्र! साबणाने चीक निघून जातो हे किती वेळा सांगायचं? वर 'न पेटणारा मांडव' ही पाटी तशीच, आणि तिच्या भरवशावर आचाऱ्याने भट्टी कनातीला खेटून मांडलेली. ही शुद्ध फसवणूक आहे. पाटी उतरवा.

आपला, पवन

शेलूबाजार, ११ फेब्रुवारी

चि. पवनला इंद्रभानकाकाचे आशीर्वाद.

तू शिकला हे मान्य, पण धंदा मले शिकवू नको. केळीचा डाग पडलेलं कापड बाया पोतेऱ्याला घेतात, ते मी लग्नात टांगलं. किन्हीराजा गावच्या वऱ्हाड्यांनी भर मांडवात विचारलं, की हा मांडव लग्नाचा हाय का तेरवीचा. म्हणून सोडा टाकून धुवायला लावलं. थोडा गुण तर उरलाच असेल. पाटी पाहून लोक येतात, ती काहून उतरवू? आजवर कधी पेटला का माझा मांडव? असो. तुझ्या बहिणीचं, संस्कृतीचं, लग्न ठरलं. राग गिळून ये.

तुझा काका

शेलूबाजार, २२ फेब्रुवारी

चि. पवन, वैजयंतीकाकूचा आशीर्वाद.

काका अजून धुसफुसत आहेत, पण तू मनावर घेऊ नकोस. लेकीच्या लग्नात भावाशिवाय कसं व्हायचं? एक गंमत सांगते. घरचा मांडव असताना काकांनी मंगरुळपीरहून पत्र्याचा मंडप भाड्याने ठरवला. मी म्हटलं, कायले हा खर्च? तर म्हणाले, भट्टीपाशी कापडाचा भरवसा नाही, लेकीचं लग्न हाय. एरवी बोलत नाहीत, पण माया किती! ऐकून मला भरून आलं. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी काकू

नागपूर, १ मार्च

ती. काकांस सा. न.

काकूंचं पत्र मिळालं. शीलाही जगदेवरावांची लेकच ना? तिच्या डोक्यावर कापड, आणि संस्कृतीच्या डोक्यावर पत्रा?

लग्नाला येतो. तुमच्या पाया पडणार आहे, पण आधी पाटी उतरवणार आहे. अडवायचं असेल तर नव्या व्याह्यांसमोर अडवा.

तुमच्या मायेवर अजून हक्क सांगणारा,
पवन