धानावरून जाणारी गाडी

एकोडी,
८ सप्टेंबर २०२५

ती. रत्नमाला आत्यास,
रीनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुले अर्धं आयकू येते अन् अर्धं तू मनानं जोडतेस, म्हणून आईनं मले पत्रच लिहायले बसवलं. तुझा कुंदनदादा म्हणे, मोडलेला पाय जुळला, डॉक्टरनं चालायले सांगितलं, पण तू खाट सोडत नाहीस. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेलेही येत नाही म्हणालीस म्हणे! मग आकाशपाळण्यात माझ्यासंग कोण बसंल? आईले तर खालूनच भोवळ येते.

कुंदनदादानंच देल्लेल्या लॅपटॉपवर मी रोलर कोस्टर बनवून राहिली. रुळावरची पाळण्याची गाडी समज, उंच चढते अन् धाडकन खाली येते. सगळं पडद्यावर. पहिली गाडी आपल्याच धानाच्या बांध्यांतून नेली. पण वळणावर असा हिसका बसते का खेळातली माणसं उतरून ओकतात. आता कोणी बसायलेच तयार नाही. चुकलं काय, तेच समजून नाही राहिलं.

आशीर्वाद असू दे.
तुझी रीना

पवनी,
१७ सप्टेंबर २०२५

चि. रीनास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

कुंदनले विचारलं तर त्यानं हवेत हात फिरवून दाखवले. मले कपाळ समजलं! ते गाडी वर कोण ओढते? एकदा खाली आली का पुन्हा कशी चढते? अन् वळण कसं घेतलंस बाई, का माणसं ओकून राहिली? कागदावर काढून पाठव.

पायाचं मात्र विचारू नको. उठतो म्हटलं का न्हाणीतला तो ओला दगड डोळ्यापुढं येते अन् पाय टाकायचं भेव वाटते. मंडईत मले खुर्चीवर बसवून ठेवसाल, लोक येऊन च् च् करतील. त्यापरीस मी घरीच बरी.

माया कमी करू नको, पत्रही लवकर टाक.
तुझी आत्या

एकोडी,
२८ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

वर साखळी ओढते. माथ्यावर सोडून देते, मग गाडी आपल्याच वजनानं पळते. म्हणून पुढचा चढ पहिल्यापरीस लहान पाहिजे. मी मोठा केला, तर गाडी अर्ध्यातून उलटी आली, माणसं बसलेलीच!

तुझ्यासाठी चित्र काढलं तवा वळणाचं समजलं. मी रूळ धुऱ्याधुऱ्यानं, बांधीच्या कडेकडेनं नेला होता, सगळे कोपरे चौकोनी. उभ्या धानातून कसा नेऊ? फोनवर दादा हसून हसून लोळला. म्हणे, खेळातलं धान कोण कापणार आहे? पण माझा हात धजला नाही. मग खांब उभे केले, रूळ वर घेतला, वळणं मोठी केली अन् आतल्या अंगानं कलती. धान खाली जसंच्या तसं.

आता गाडी तळ्याच्या पाळीवरून निघते अन् आपल्या बांधीत, घरामागच्या धुऱ्यापाशी थांबते. अजून कोणाले बसवलं नाही. पहिली तू. गाडी दादाच्या फोनवर पाठवली, तो तुले टीव्हीवर लावून देईल. नाही म्हणशील तर मी रुसीन.

तुझी वाट पाहणारी,
रीना

पवनी,
११ ऑक्टोबर २०२५

चि. रीनास,
अनेक आशीर्वाद.

काल बसली तुझ्या गाडीत. आपल्या घरावरची कवेलू अशी लालभडक कवा होती गं? तळं मात्र ओळखलं. वर जाता जाता टकटक आवाज येत होता म्हणे, मले आयकू नाही आला, पण छातीत तेच होऊन राहिलं होतं. अन् खाली सुटली, बाप्पा! मी खाटेची पाटी अशी धरली का कुंदन घाबरला. मले त्याच्याकडं पाहायलेही फुरसत नव्हती.

मग माहेर आलं, गाडी थांबली, अन् मी उतरली. खरंच उतरली, रीना. टीव्हीपर्यंत चालत गेली. कुंदन तोंडावर हात ठेवून उभा, तवा ध्यानात आलं का आपण उभी आहो. मग रडली थोडी. आज सकाळी पुन्हा लावायले सांगितली, अन् पुन्हा उतरली.

मंडईले येईन. खुर्ची मांडसाल तर परत जाईन. पाळण्यात माझी जागा धरून ठेव.

लोभ आहे, तो वाढतच राहो.
तुझी रत्नमाला आत्या

ता. क. उतरताना मी पाय धुऱ्यावरच टाकला. धान तुडवलं नाही.