आत्याच्या पेशी

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं म्हणून तू डॉक्टरच बंद केलास, असं बाबा सांगत होते.

माझा लेख तयार आहे. साखरेच्या आजारात रक्तवाहिनीचं आतलं अस्तर गळकं होतं. एकाच पेशीच्या जाडीचं ते, पण गळायला लागलं की डोळे, मूत्रपिंड, पाय, सगळीकडे त्रास. आपलं औषध ते अस्तर घट्ट करतं, हे तू वाढवलेल्या पेशींवर आता तिसऱ्यांदा दिसलं. इथलं मोठं इस्पितळ मेपासून रुग्णांना गोळ्या देऊन बघणार आहे. बाबांनीही नाव नोंदवलंय. साखरेमुळे त्यांना हल्ली सरळ रेघ वाकडी दिसते, पण डोळ्यात सुई घ्या म्हटलं की चाळीस वर्षं चित्रकला शिकवलेला हा माणूस विषय बदलतो. गोळी म्हटल्यावर लगेच तयार झाले.

एक काम आहे. ज्या पेशींवर काम केलं त्यांची ओळख तपासून घ्या, असं मासिकवाल्यांनी नवं काढलंय. नमुना पाठवलाय. तू त्या पहिल्यांदा वाढवल्यास, तेव्हाच्या वहीतली पानं उतरवून पाठव. नुसता सोपस्कार आहे.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी,
मुंगी


१२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझा आहे, त्याची चर्चा तुम्हा बापलेकीत नको.

पान चाळीस आणि बेचाळीस उतरवून पाठवते आहे, तेवढी पुरतील. बाळंतिणीच्या वॉर्डातून नाळ आणायची, तिच्या शिरेचं अस्तर सोडवायचं आणि पेशी डबीत वाढवायच्या. डबी भरली की निम्म्या दुसऱ्या डबीत. याला आम्ही वाटणी म्हणायचो. भावंडांतल्या वाटणीपेक्षा फारच सोपी. सहा-सात वाटण्यांनंतर पेशी थकायच्या आणि मरायच्या. एकतीस वर्षांपूर्वी एक डबी मेली नाही. उलट जोमानं वाढली. सगळा विभाग सूक्ष्मदर्शकापुढे रांग लावून उभा राहिला. पुढे मी त्या चाळीस प्रयोगशाळांना दिल्या. तुला दिल्या तेव्हा तू पिशवी पोटाशी धरून बसमध्ये बसली होतीस.

जेवण वेळेवर कर. आठवण ठेवतेस, ठेवत जा.
तुझी आत्या


२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

तपासणीचा कागद आला. त्या पेशी रक्तवाहिनीच्या नाहीत. मूत्राशयाच्या गाठीतल्या आहेत, आणि तशा पेशी जगभर प्रयोगशाळांतून वाढवल्या जातात. मला वाटलं, माझ्याच हातून घोटाळा झाला. म्हणून तू सीलबंद करून ठेवलेली सगळ्यात जुनी कुपी गोठणपेटीतून काढून पाठवली. उत्तर तेच. म्हणजे घोटाळा माझ्याकडे झालेला नाही.

माझे दोन लेख मागे घ्यावे लागतील. तुझे किती, ते मोजायचं धाडस झालं नाही. पण लेखांचं नंतर बघू. मेमध्ये माणसांच्या पोटात ती गोळी जाणार आहे, आणि ती अस्तरावर काय करते हे आपल्याला अजिबात माहीत नाही. इस्पितळाला कळवायलाच हवं. कळवण्याआधी तुला सांगायला हवं, एवढ्यासाठी दोन आठवडे थांबते. ताज्या नाळेतून पेशी काढायला आजपासून सुरुवात केलीय.

वहीतलं पान एकेचाळीस आलं नाही. राहून गेलं असेल. जमलं तर पाठव.

रागावू नकोस, असं लिहिणार होते. रागावलीस तरी लिही.
मुंगी


१० मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि ओळी चढत्या आहेत, चालवून घे.

तुझं पत्र ताईनं मला वाचून दाखवलं. घडी घातली, चष्मा पुसला आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली. ज्या कुंड्यांना सकाळीच घातलं होतं, त्यांनाच.

ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, जे केलं ते हेच. एप्रिलमध्ये तिच्या जुन्या विभागातल्या एका दालनाला तिचं नाव देणार आहेत. तेवढं होऊन जाऊ दे. महिन्याभरानं काय बिघडतं? चूक तिची नसेलही. पूर्वी सगळे पेशींचं काम एकाच काचेच्या कपाटात हात घालून करायचे.

माझी तारीख सात मे लागलीय. ती रद्द होईल का, एवढं मात्र कळव.

तब्येतीला जप. येत नाहीस, निदान लिहीत जा.
तुझे बाबा


१५ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पान एकेचाळीस राहून गेलं नव्हतं. मी गाळलं होतं. आता मूळ पानच पाठवते आहे.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी मूत्राशयाच्या गाठीवर काम करायचे. कपाट एक, पेशींना घालायच्या खाद्याची बाटली एक. एखादा थेंब इकडचा तिकडे गेला असणार. डबी जोमानं वाढू लागली तेव्हा मी ओळख तपासली होती. अस्तराच्या पेशीत एक प्रथिन असतं, रंग घातला की उजळतं. उजळलं नाही. पुन्हा केलं. नाही उजळलं. मी खाली लिहिलं, रंग जुना असावा. नवा रंग मागवला, तो आला, आणि मी तिसऱ्यांदा तपासलं नाही. तोवर विभाग रांग लावून गेला होता.

खोटं लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. विचारायचं थांबवलं, इतकंच. तुझ्या बाबानं नाव नोंदवल्याचं सांगितलं तेव्हा मला हे पान आठवलं. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसले. तुला सगळ्यात आधी हे सांगायला हवं होतं.

तू इस्पितळाला लिहायची वाट बघू नकोस. मी काल लिहिलं. चाळीस प्रयोगशाळांची यादी करून ठेवली आहे, पत्रं माझ्या सहीनं जातील. दालनाचं नको म्हणून कळवलं. बाबाला हे पत्र टाकून झाल्यावर सांगणार आहे.

माया ठेव असं मागायचा हक्क सध्या नाही.
आत्या


२८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ताज्या पेशींवर चार वेळा करून पाहिलं. औषध अस्तर घट्ट करत नाही. साखर जास्त असेल तर पेशींमधल्या फटी आणखी उघडतं. इस्पितळानं चाचणी रद्द केली आहे. बावीस जणांची नावं होती. ती गोळी घेतली असती तर बाबांचा डोळा वाचला नसता, असं तिथल्या नेत्रतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

तू सांगितलंस म्हणून कमी रागवावं की एवढ्या उशिरा सांगितलंस म्हणून जास्त, ते ठरत नाही. बाबा दोन गल्ल्यांवर राहून तुझ्याशी बोलत नाहीत हे कळलं. त्यात मी पडत नाही.

पान एकेचाळीस मी चूक सांगणाऱ्या नव्या लेखाला जोडलं आहे. तू हो म्हणशील हे गृहीत धरलं.

गुडघ्याचं कळव.
मुंगी


१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तोंडावर बोलायला गेलो तर आवाज चढेल, म्हणून लिहितोय.

परवा डोळ्यात सुई घेतली. वाटलं होतं तेवढी दुखत नाही. अजून पाच घ्यायच्या आहेत. आहे ती नजर टिकेल, गेलेली फारशी येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गेल्या वर्षीच घ्यायला हवी होती, असंही म्हणाले. त्याचा दोष मी तुझ्यावर टाकणार होतो. सुईला भिऊन गोळीची वाट बघत बसलो तो मीच.

चहा देऊन गप्प बसलीस, ते मात्र मला अजून गिळवत नाही. गिळवेल असं सांगतही नाही.

वाचता येत नसल्यानं दुपार सरत नाही. तुलाही आता काम नाही. उद्यापासून रोज चारला ये आणि मला वर्तमानपत्र वाचून दाखव. जिना आहे, सावकाश चढ, मी दार उघडं ठेवीन. भांडणार नाही असं वचन देत नाही.

तुझा,
धाकटा