सोडतीत माझं नाव घाल

अजमान,
१६ सप्टेंबर २०००

चि. निनाद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक आहोत. केयाची शाळा सुरू झाली. उकाडा हटायचं नाव घेत नाही आणि एसी दोनदा दुरुस्त करूनही गुरगुरतोच आहे. मालवणी मसाला करून ठेवलाय, तो ह्यांच्या बॅगेत देईन.

आता शिकारीचं. तू लिहिलंस, ‘भावोजींना जानेवारीत ॲरिझोनाला पाठव, त्यांना वाळवंटाची सवय आहे. आम्ही दोघं चार दिवस डोंगरात राहू. तूही ये, शुभ्रा तुला मॉल दाखवेल.’ अरे, तुझे भावोजी वीस वर्षं वाळवंटात राहिले ते गाडीच्या काचा वर करून. आणि दुबईच्या शेजारी राहणाऱ्या बाईला तू मॉल दाखवणार!

तुझं पत्र आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. ह्यांनी शारजातून हिरव्या ठिपक्यांचे कपडे आणले. तुमच्याकडे झाड औषधाला नाही, सगळं निवडुंगाचं रान, असं तूच लिहिलंयस. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "प्रमिला, हे प्रोफेशनल आहे, तुला नाही कळणार." मी गप्प बसले. हल्ली मला ते छान जमतं.

काल शुक्रवार, म्हणून रंगीत तालीम होती. ऑफिसातल्या मुश्ताकला त्याच्या पिकअपसकट घेऊन उजाडता उजाडता फुजैराच्या डोंगरात गेलो. बेत असा, की वाडीत, म्हणजे तिथल्या कोरड्या ओढ्यात, शेळ्या मोकाट चरतात, त्यांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. तुमच्या त्या हावेलिनाची, म्हणजे तिकडच्या रानडुकराची, उंची शेळीएवढीच, नाही का? ह्यांनी आदल्या दिवशी तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं होतं: जनावर डोळ्यांनी अधू, पण नाकाने तिखट. आणि सकाळी निघताना सवयीने मानेला ऊद लावला. इथे लग्नाला जाताना लावतात ते उग्र अत्तर.

पहिल्या शेळ्या बघता बघता कड्यावर. दुसऱ्या कळपानेही तेच केलं. केया गाडीत बसून म्हणाली, "डॅड, दे कॅन स्मेल यू फ्रॉम दुबई." हे चिडले. म्हणाले, इथल्या शेळ्याच बिथरलेल्या आहेत.

मला राहवेना. चिमूटभर माती उचलून हवेत सोडली. वारा आमच्या पाठीवरून थेट शेळ्यांकडे. चपला काढल्या, साडीचा पदर खोचला आणि जुन्या पाटाच्या आडून लांबचा वळसा घेतला. दगड गार होते. खूप वर्षांनी माझे पाय आपण होऊन जागा शोधत होते. शेवटी एका शेळीच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठे तिला कळलं.

मागे वळले तर मुश्ताक कपाळाला हात लावून उभा. "वल्ला भाभीजी, ये कहाँ से सीखा?" हे गाडीत जाऊन बसले होते.

केयाने विचारलं, "ममा, व्हाय आरन्ट यू गोइंग?"

निनाद, दहा वर्षांच्या मुलीला सुचलं ते तुला का सुचलं नाही, हाच विचार कालपासून डोक्यात आहे आणि मला तुझा फार राग आलाय.

तुला सगळं माहीत आहे. रानात पाऊल टाकण्याआधी आबा सगळ्या गड्यांदेखत मला विचारायचे, "वारो खंयसून येता गो?" मी सांगेन त्या बाजूने माणसं बसायची. शिकारीचे वाटे घालताना माझ्या नावाचा वाटा वेगळा निघायचा. मग मी शहाणी झाले आणि आईने उंबऱ्याच्या आत घेतलं. माझ्या जागी तुला नेलं. तू किंजळीच्या झाडावर चढून रडत बसलास. हे मी शुभ्राला आजवर सांगितलेलं नाही. पुढे शिकारबंदीचा कायदा आला आणि विषयच संपला. तेव्हापासून वारा कुठून येतो हे मला कोणी विचारलं नाही. आबांनीसुद्धा नाही.

मॉल मला नको. मला त्या डोंगरात यायचंय. बंदूक कधी चालवली नाही, पण ह्यांनी तरी कुठे चालवलीय? शिकव, शिकेन.

अजमानला पोचल्यावर हे पार्किंगमध्ये म्हणाले, "मग तूच जा." रागाने म्हणाले, पण मी ते खरं धरलंय. परवान्याची सोडत पुढच्या महिन्यात आहे असं तू लिहिलंस. तिच्यात माझं नाव घाल. लागली नाही तर नशीब माझं, पण नाव घाल. ह्यांना शुभ्रा मॉल दाखवेल. ऊदही खपेल तिथे.

पत्र मिळाल्यावर फोन कर. नेहमीसारखं ‘ताई, कशी आहेस’ नको. नाव घातलं असशील तर आबा विचारायचे तेच विचार. मी लगेच उत्तर देईन.

तुझ्या फोनची वाट पाहणारी,
आबांची प्रमी