पाचवीचा नारळ

१४ जून १९९७
सांगून टाकलं! अंबडच्या रंगाच्या कंपनीतली लॅबची नोकरी सोडली, सोमवारी नर्सिंगचा फॉर्म भरतेय. अण्णा मळ्यातून येऊन पाय धूत होते. तांब्या हातातच राहिला.

"माझी आय गावातल्या बायांची बाळंतपणं करायची. पाचवीला सुईणीचा मान म्हणून खण-नारळ घिऊन यायची. त्या नारळावर वाढलो मी. शाळेत पोरं 'सुईणीचा सावळ्या' म्हणून चिडवायची मला. परत तेच करायला तुला बी.एस्सी. केली का?"

मला सांगायचं होतं — लहानपणी आजी सोबत न्यायची, दाराबाहेर बसून मी बाळाचं पहिलं रडणं ऐकायचे. रंगाचे नमुने तपासताना तेच आठवायचं. पण त्याआधीच अण्णा म्हणाले,

"जायचं तर जा. मंग या दाराशी यायचं नाय."

आई चुलीपुढून उठलीच नाही.

२ ऑगस्ट १९९७
फर्स्ट क्लासची फुशारकी उतरली. पहिल्याच आठवड्यात हातात बेडपॅन. सिस्टर म्हणाल्या, "केमिस्ट्री राहू दे, आधी पेशंटचं नाव विचार."

जेवणात गवार होती. आमच्या मळ्यातली असेल का, असं उगाच वाटलं.

१० ऑक्टोबर १९९७
उद्या दसरा. फूलबाजारात अण्णा झेंडूचा ढीग लावून बसलेले. अण्णा फार वाळलेत. मी रिक्षाच्या आड उभी राहिले आणि रूममेट छायाला पाठवलं — दोन किलो घे, भाव करू नकोस.

छाया युनिफॉर्ममध्येच होती. अण्णांनी विचारलं म्हणे, "नर्सिंगची का?" आणि मापावर आणखी दोन मुठी टाकल्या.

खोलीवर येऊन पिशवीत तोंड खुपसून बसले. मळ्याचा वास. घरी जायचंय मला.

१९ नोव्हेंबर २०००
पास झाले. आईचं कार्ड आलं, अक्षर धाकट्या भावाचं, भारतचं. "अण्णा बरे आहेत." बस, इतकंच.

२७ ऑगस्ट २००६
बाळंतपणाचा पुढचा डिप्लोमाही झाला. आता हॉस्पिटलात सरळ बाळंतपण असेल तर डॉक्टरांना न बोलावता मीच करायचं. काही अडलं तरच हाक मारायची. आज निफाडच्या लंकाबाईचं केलं — असं पहिलंच! तिला मुलगा झाला. माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुझा हात लय हलका हाय."

आजीलाही बायका हेच म्हणायच्या. दिवसभर हसत होते. संध्याकाळी मात्र फार एकटं वाटलं. हे ज्यांना सांगायचं, त्यांच्याशी नऊ वर्षं बोलणं नाही. रागही आला — त्यांचा, माझाही. मीसुद्धा त्या दारापर्यंत कुठे गेले?

११ ऑक्टोबर २००७
दुपारी भारत त्याच्या बायकोला, भाग्यश्रीला, घेऊन आला. कळा सुरू झालेल्या, रस्त्यात हेच जवळचं हॉस्पिटल. मला बघून बिचारा गोंधळला. "ताई, अण्णा पण आलेत. गेटबाहेर टेम्पोत बसलेत. तू इथं आहेस म्हणून आत येत नाहीत."

मग दुसरा विचार करायला वेळच नव्हता. डोकं बाहेर आलं आणि नाळ मानेभोवती! बोट घालून सैल केली, डोक्यावरून काढली. मुलगी. आधी गप्प, मग असा टाहो फोडला की बाहेरच्या ओसरीतल्या बायका हसल्या.

भाग्यश्रीचं सगळं आवरून, ॲप्रन काढून गेटपर्यंत धावले. टेम्पो नव्हता. वॉचमन म्हणाला, "ते बाबा खिडकीखाली येऊन उभे होते. रडणं ऐकलं आणि गेले."

दहा वर्षांनी इतके जवळ आले होते.

१४ ऑक्टोबर २००७
भाग्यश्रीला डिस्चार्ज मिळाला. बाळाला दुपट्यात गुंडाळून मीच टेम्पोपर्यंत गेले. टेम्पोत अण्णा नव्हते, झेंडूच्या दोन-चार पाकळ्या पडल्या होत्या. एक उचलून खिशात ठेवली. गाडी वळेपर्यंत उभी होते.

१५ ऑक्टोबर २००७
सकाळी सकाळी भारत दारात. अण्णांचा निरोप, जसाच्या तसा — "आज पोरीची पाचवी हाय. सुईणीबिगर पूजा व्हत नाय. तिला म्हणावं, दिवस मावळायच्या आत घरी ये. नारळ मी सोलून ठेवलाय."

रजा टाकली. कुठली साडी नेसू?