निळी नखं

मोताळा, ९ मे १९६५

मुलीचे वडील आज मला बघायला आले होते. सकाळी आईने लिंबू घेऊन माझी नखं घासली, पण संत्र्याच्या खोडांना बुरशी लागू नये म्हणून लावलेल्या बोर्डो पेस्टचा निळा रंग काही निघाला नाही.

"पोरगा कॉलेजात फळबाग शिकून राह्यला म्हणता, मंग खुर्चीची नोकरी भेटन ना?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हाव, साहेबच होईन तो."

मी नखं मुठीत लपवली. मला विहिरीजवळ कलमांची रोपवाटिका करायची आहे, हे तेव्हाच का नाही बोललो? त्यांनी जाताना होकार दिला. मला, की त्या खुर्चीला?

ते गेल्यावर उरलेली खोडं रंगवली. नखं पुन्हा निळी. आई दारातूनच म्हणाली, "लग्न होईपर्यंत तरी झाडाले हात नोको लावू."